निकाल दार उघडतो, टिकवतो तो समाज!

कोर्टाचा निकाल लागला की लढाई संपली, असे आमच्यातील अनेकांना वाटते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास वेगळेच सांगतो.

1954 साली ब्राऊन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. तरीही सप्टेंबर 1957 मध्ये लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलच्या दारात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना राज्यपालांच्या बंदूकधारी जवानांनी अडविले. अखेर राष्ट्राध्यक्षांना लष्कर पाठवावे लागले. मुले आत गेली. पण आतला छळ थांबला नाही.

मग ती टिकली कोणाच्या बळावर? डेझी बेट्स या एन.ए.ए.सी.पी.च्या राज्य शाखेच्या अध्यक्षा. बाबासाहेबांनी 1946 साली ज्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, ते याच संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. बेट्सबाईंचे घर हे या मुलांचे केंद्र होते. तेथे जमायचे, तेथूनच शाळेत जायचे. त्या घरावर दगड आले. बेट्स पती-पत्नींच्या वृत्तपत्राच्या जाहिराती तोडल्या गेल्या आणि 1959 साली ते बंद पडले. त्यांनी मुलांना सोडले नाही. मिनिजीन ब्राऊनला शाळेतून काढले, तेव्हा न्यूयॉर्कच्या केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने तिला आपल्या घरी ठेवून शिकविले. मे 1958 मध्ये अर्नेस्ट ग्रीन त्या शाळेचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर झाला.

2023 साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वर्णाचा विचार करणे घटनाबाह्य ठरविले. न्यायालयाने उघडलेले दार न्यायालयच लोटू शकते. समाजाने उभे केलेले घर मात्र कोणताही निकाल पाडू शकत नाही.

आम्ही काय करतो? प्रवेश मिळूनही रोहित वेमुला (2016) आणि डॉ. पायल तडवी (2019) यांना आम्ही गमावले. दोष जातिव्यवस्थेचाच, आणि तिच्याविरुद्ध कोर्टात लढलेच पाहिजे. पण खेड्यातून शहरात आलेल्या आमच्या मुलाला रात्री-अपरात्री हाक मारायला एक तरी दार हवे की नको? जयंतीला लाखो रुपये जमविणाऱ्या प्रत्येक विहाराने आपल्या भागातील वसतिगृहांत राहणाऱ्या मुलामुलींची यादी करावी. नोकरदार कुटुंबांनी एकेका विद्यार्थ्याचे पालकत्व घ्यावे. वकिलांनी त्यांच्या तक्रारी विनामूल्य लिहून द्याव्यात.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, असे आम्ही म्हणतो. संघटनेशिवाय शिकणारा एकटा पडतो, हे विसरून चालणार नाही.

जय भीम!