पोराला ताप: औषधाचं माप चुकवू नका

लावणीच्या घाईत पोराला ताप आला की असेल ती बाटली काढून अंदाजे चमचाभर पाजली जाते. धोका इथेच आहे. पॅरासिटामॉल सिरप ५ मिलीत १२५ मिग्रॅचं येतं, तसं २५० चंही येतं. फवारणीसारखंच, आधी लेबल वाचा.

✅ १० किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिग्रॅ. म्हणजे १२५ वालं ६ मिली, २५० वालं फक्त ३ मिली.
✅ दोन डोसांत ६ तास अंतर, दिवसात ४ च्या वर नाही. माप बाटलीसोबतचंच वापरा.
✅ कपडे पातळ. पाणी, पेज, अंगावरचं दूध थोडं थोडं चालू ठेवा.
❌ ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो.

🚨 बाळ ३ महिन्यांखालचं, झटके, धाप, सुस्ती, पाणी-दूध घेत नाही, लघवी बंद: थांबू नका. उपजिल्हा रुग्णालय पनवेल, गाडीसाठी १०८.

ताप २ दिवसांवर गेला तर डॉक्टरांना दाखवा. पोर खाचरातल्या पाण्यात उतरलं असेल तर तेही सांगा, लेप्टोची तपासणी करता येते.

लावणी एक दिवस मागे पडली तरी चालेल.
– आपला कृषी सल्लागार