जुन्या संगणकातील गाणी नव्या साधनांत

सीडींवरून उतरवलेली नाट्यगीते, कॅसेटवरून घेतलेल्या आजीच्या ओव्या असा ठेवा अनेक घरांतील जुन्या संगणकांत पडून असतो. विंडोज एक्सपीला मिळणारी सुरक्षाविषयक मदत ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. त्यामुळे असा संगणक इंटरनेटला न जोडताच त्यातील संगीत हलवणे श्रेयस्कर ठरते.

त्यासाठी पेन ड्राइव्ह पुरेसा असतो. मात्र यूएसबी १.१ चा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट असल्याने १० जीबी संगीतास सुमारे तीन तास लागतात. संगणक सुरूच होत नसल्यास त्याची हार्ड डिस्क काढून अडॅप्टरच्या साहाय्याने नव्या संगणकाला जोडता येते.

खरी अडचण पुढे येते. एमपी३ फाइल बहुतेक सर्व साधनांवर वाजते. परंतु विंडोज मीडिया प्लेअरच्या जुन्या आवृत्त्यांत ‘कॉपी प्रोटेक्ट’ हा पर्याय सुरू ठेवून उतरवलेल्या डब्ल्यूएमए फाइलींचा परवाना त्याच संगणकाशी बांधलेला असतो. अशी फाइल नव्या साधनात पोहोचते, पण वाजत नाही. मूळ सीडी पुन्हा उतरवणे हा त्यावरील सोपा उपाय. असे बंधन नसलेली डब्ल्यूएमए फाइल एमपी३मध्ये बदलता येते. मात्र त्यात ध्वनीचा दर्जा काहीसा घटत असल्याने मूळ फाइलही जपावी.

सर्व फाइली नव्या साधनावर वाजवून पाहाव्यात, त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि मगच जुना संगणक मोडीत काढावा. नाट्यगीतांची सीडी कदाचित पुन्हा मिळेल. आजीच्या ओव्या मिळणार नाहीत.