सूर कोणाशी लावायचा?

वाचकहो, कीर्तनाआधी मृदंगवाले बुवा काय करतात, पाहिलंत ना? डाव्या तोंडाला कणीक लावतात, उजव्याच्या कडेवर हळूहळू हातोडी मारतात. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश! चामडं वाळून ताणतं, सूर चढतो. आषाढात तेच चामडं ओल धरतं, सूर उतरतो. म्हणून पुन्हा लावणं आलंच. इथे लावणं म्हणजे ताण.

तुम्ही म्हणाल, महाराज, गॅरेजातही ‘ट्युनिंग’ म्हणतात. म्हणतात ना! जुन्या गाडीच्या कार्बुरेटरमध्ये एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १५ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झालं की काळा धूर, कमी झालं की गाडी आचके देते. तिथे लावणं म्हणजे प्रमाण.

आणि रेडिओ? नागपूर आकाशवाणी १९४८ सालची. तिची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५ लाख ८५ हजार कंपनं. एरियलवर सगळ्याच केंद्रांच्या लहरी एकदम येतात. बटण फिरवलं की आतली रचना एकीशीच जुळते. तेवढी ऐकू येते, बाकीच्या मागे पडतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ दुर्बीण आहे. शास्त्रज्ञ तीही अशीच लावून आकाशातल्या हायड्रोजनची क्षीण लहर टिपतात. इथे लावणं म्हणजे निवड.

अर्थ तीन, पण खूण एक. गायकाचा षड्ज मृदंगासाठी हलत नाही, केंद्र आपल्या रेडिओसाठी लहर बदलत नाही. हलायचं असतं ते आपल्याला.

आता मनाकडे या. एकादशी कडक, सोवळं कडक, आणि सुनेशी बोलणंही कडक! हा नुसता ताण झाला. तार ताणली म्हणजे जुळली असं नव्हे. फार ताणली तर तुटते, आणि घरात तुटतं ते माणूस. भक्तीला ताण हवा, प्रमाण हवं, आणि हजार आवाजांतून एक नाम निवडणंही हवं. जुळलं की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही, घरच्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

कोणी विचारतं, “महाराज, एकदा माळ घातली न, मग रोज रोज कायले?” अहो, हवा रोज बदलते! सकाळी लागलेलं मन दुपारच्या एका शब्दाने उतरतं. उतरलं म्हणून वाद्य कोणी फेकत नाही. पुन्हा लावतं. नाम घ्यायचं ते त्यासाठीच.

रामकृष्णहरी!