चारही बाजूंनी सुलटा पट

रात्रीचे जेवण आटोपल्यावर तुमच्या घरात काय दिसते, ते आज जरा निरखून पाहा. खोली एक, माणसे चार आणि मोबाइलही चार! प्रत्येकाची मान आपापल्या पडद्यावर झुकलेली. याला केवळ माणसांच्या सवयी कारण आहेत, की त्या वस्तूच्या घडणीतही काही कारण दडले आहे? उत्तर शोधण्यासाठी आपण वेरूळला जाऊ.

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवरील या लेण्यांत, क्रमांक २१ च्या रामेश्वर लेण्यात, शिव आणि पार्वती द्यूत खेळत बसले आहेत. क्रमांक २९ च्या लेण्यातही हाच प्रसंग कोरलेला आहे. खेळणारे दोघेच, पण भोवती परिवार आहे आणि खाली नंदीची खोडी काढणारे गण आहेत. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने खेळाबरोबर त्याभोवतीची माणसेही दाखवली!

पटाची रचना

दान टाकून खेळण्याच्या खेळांपैकी आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला खेळ म्हणजे सारीपाट. त्याचा पट अधिक चिन्हासारखा असतो. चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत आठ घरे. म्हणजे एकूण ९६ घरे. आता हा पट ९० अंशांनी फिरवा. काय बदलले? काहीच नाही! गणितात याला परिवलन सममिती म्हणतात. या पटाला वरची बाजू नाही आणि खालचीही नाही. चौघे चार बाजूंना बसले तरी प्रत्येकाला तो सुलटाच दिसतो. पुस्तकाचे पान किंवा मोबाइलचा पडदा मात्र एकाच बाजूने सुलटा असतो. म्हणून तो एकाचा होतो आणि पट चौघांचा होतो.

शिवाय सोंगटी आपल्या पट्ट्यातून निघते, इतर तिघांच्या पुढ्यातून फिरते आणि मगच मधल्या घरात परतते. शेजाऱ्याच्या दारावरून गेल्याशिवाय घरी पोचताच येत नाही! इंग्लंडमध्ये १८९६ साली पेटंट घेतलेला लुडो हे याच खेळाचे सोपे रूप आहे.

दान कसे पडते?

मोबाइलवरील लुडोत आकडा यंत्राच्या आतल्या आत ठरतो. कवड्या मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतात. सहा कवड्यांच्या एका पद्धतीत सहाही पालथ्या पडल्या तर २५, एकच उताणी पडली तर १० आणि दोन ते सहा उताण्या पडल्या तर तेवढेच दान मिळते. २५ ला एवढा मान का?

कवड्यांऐवजी सहा नाणी घ्या. ती ६४ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी एकही छाप न येण्याचा प्रकार १, एक छाप येण्याचे ६, दोनचे १५, तीनचे २०, चारचे १५, पाचचे ६ आणि सहाचा १. बेरीज करून पाहा. दुर्मिळ दानाला मोठे बक्षीस, हा हिशेब तुमच्या लक्षात आला असेल.

पण कवडी म्हणजे नाणे नव्हे. तिची पाठ फुगीर आणि तोंडाची बाजू सपाट असते. समजा, प्रत्येक कवडी शंभरात ४० वेळाच उताणी पडते. मग सहाही पालथ्या पडण्याची शक्यता ६४ त १ न राहता सुमारे २१ त १ होते! तुमची कवडी १०० वेळा टाकून नोंद ठेवा. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून त्यांच्या अर्ध्या फोडी घ्या.

तुम्हीच करा

६० सेंटिमीटर बाजूचा चौरस मांजरपाट घ्या. त्यावर ३ सेंटिमीटरची घरे आखा. दोन पट्ट्यांचे २४ आणि २४, मधल्या चौकोनाचे ९, असे एकूण ५७ सेंटिमीटर होतात. नक्षी तुमच्या आवडीची. शहरातील हिमरू कापडावरच्या फुलांसारखी काढलीत तरी चालेल. मात्र एक अडचण येईल. मोर काढलात तर समोरच्याला तो उलटा दिसेल. मग काय कराल? प्रत्येक पट्ट्यात एकेक मोर काढा आणि त्याचे पाय त्या बाजूच्या खेळाडूकडे ठेवा. कोणत्या घरात सोंगटी मारायची नाही, हे आजीला विचारा. तिचे नियम वेगळे निघाले तर तेही वहीत उतरवून घ्या.

आता शेवटचा प्रयोग. त्याच चौघांनी एका संध्याकाळी आपापल्या मोबाइलवर लुडो खेळावा आणि दुसऱ्या संध्याकाळी हा पट मांडावा. वेळ दोन्हीकडे अर्धा तास. पाचव्याने बाजूला बसून, कोणी कितीदा मान वर करून दुसऱ्याकडे पाहिले, ते मोजावे. निकाल आधीच ठरवू नका. मोजा आणि मग बोला. पण सांभाळा, मोजणाऱ्यालाच खेळावेसे वाटू लागेल!