द्राक्षतोडणीच्या दिवसांत वाटीतला खिमा

फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड, दिंडोरी भागात द्राक्षतोडणी चालू असते तेव्हा घरातील सर्वजण दिवसभर बागेत राबतात. सायंकाळी दमून आल्यावर घरातील बाईला पुन्हा चुलीपुढे उभे राहावे लागते. मटण आणले तरी फोडी थोड्या आणि रस्सा जास्त. फोडी पुरुषांच्या व मुलांच्या ताटात जातात, शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला नुसता रस्सा उरतो. खिमा माणशी एक याप्रमाणे वाटीत उकडला तर कष्टही वाचतात आणि वाटणीही सरळ होते.

पाश्चात्त्य देशांत खिम्याचा पावासारखा मोठा गोळा साच्यात घालून भट्टीत तासभर भाजतात. आपल्याकडे भट्टी नसली तरी कुकर आणि स्टीलच्या वाट्या असतातच. शिवाय लहान आकार अधिक सुरक्षित आहे. उष्णता बाहेरून आत सरकते; गोळ्याची जाडी दुप्पट झाली की मध्यभाग शिजण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. मटणाच्या अखंड तुकड्यावर रोगजंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. खिमा करताना मात्र ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा मध्यभागीही पूर्ण शिजला पाहिजे. तेथे ७१ अंश सेल्सिअस तापमान यावे लागते.

आठ वाट्यांसाठी बोकडाचा बारीक खिमा अर्धा किलो घ्यावा. १०० ग्रॅम हरभरा डाळ चार तास भिजवून, निथळून, पाणी न घालता भरड वाटावी. दोन अंडी, आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, घरचा काळा मसाला व मीठ घालून सर्व एकजीव करावे. डाळ पाणी धरून ठेवते, अंडे मिश्रण बांधते.

कांद्याबाबत मात्र घाई करू नये. दोन मध्यम कांदे बारीक चिरून थोड्या तेलावर पाणी आटेपर्यंत परतावेत व गार करूनच मिसळावेत. कच्चा कांदा मीठ लागताच पाणी सोडतो आणि वडी फुटते. आपल्या पिंपळगाव बसवंत केंद्राचा एन-२-४-१ हा उन्हाळी कांदा चवीला तिखट आहे. तो असल्यास मिरची थोडी कमी घालावी.

वाट्यांना आतून तेल लावून त्या पाऊण भराव्यात. कुकरमध्ये दोन बोटे पाणी घेऊन वाट्या जाळीवर मांडाव्यात, वर ताटली झाकावी आणि शिट्टी काढून २५ मिनिटे उकडावे. मधल्या वाटीत सुरी खुपसून पाहावी. रस गुलाबी आला तर आणखी पाच मिनिटे ठेवावे. पाणी संपत नाही ना, एवढे लक्ष ठेवले की तेवढ्या वेळात भाकरी होतात.

खिमा, डाळ व अंडी यांची प्रथिने धरली तर प्रत्येक वाटीत सुमारे १७ ग्रॅम येतात. ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४० ग्रॅम लागतात. तिची वाटी आधीच बाजूला काढून ठेवावी.

खिमा त्याच दिवशी आणून लगेच शिजवावा; उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नये. उरलेल्या वड्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात व दुसऱ्या दिवशी तव्यावर चांगल्या गरम करून घ्याव्यात. फ्रीज नसेल तर माणसांपुरत्याच वाट्या लावाव्यात.