संगणक माणसाला एकटे पाडतो काय?

संगणकासमोर जितके तास अधिक, तितका माणूस माणसांपासून दूर, हा समज मुंबई उपनगरातील बोरिवली-मुलुंडच्या घराघरांत पक्का आहे आणि त्याला एकेकाळी संशोधनाचा आधारही होता. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रॉबर्ट क्राउट व त्यांचे सहकारी यांनी पिट्सबर्गमधील नव्याने इंटरनेट घेतलेल्या कुटुंबांचा मागोवा घेतला आणि वापर वाढला तसा घरातील संवाद घटला व एकटेपणा वाढला, असे १९९८ मध्ये मांडले. हा निष्कर्ष गाजला. मात्र त्याच गटाच्या २००२ मधील पुढच्या अभ्यासाने वेगळे चित्र मांडले. पहिल्या कुटुंबांवरील बहुतेक दुष्परिणाम काळाबरोबर ओसरल्याचे त्यात आढळले होते, आणि बहिर्मुख, म्हणजे लोकांत सहज मिसळणाऱ्या, तसेच आप्तमित्रांचा आधार असलेल्या व्यक्तींना इंटरनेट लाभले असले, तरी अंतर्मुख व असा आधार कमी असलेल्या व्यक्तींची स्थिती मात्र त्यामुळे बिघडल्याचे दिसले होते. म्हणजे काळजी करायचीच, तर ती तासांपेक्षा मुळात एकट्या असलेल्या माणसाची करायला हवी.

पडद्यामुळे शेजार तुटतो, हेही सरसकट खरे नाही. टोरंटोजवळील एका नव्या वसाहतीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस कीथ हॅम्प्टन व बॅरी वेलमन यांना असे आढळले की, वेगवान जोडणी मिळालेल्या रहिवाशांना सरासरी २५ शेजारी नावानिशी ठाऊक होते, तर न मिळालेल्यांना केवळ ८. पुनर्विकासात चाळीची सामाईक गॅलरी गमावून टॉवरमध्ये गेलेल्या घाटकोपरच्या कुटुंबाची नव्या शेजाऱ्यांशी पहिली ओळख सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर होत असेल, तर त्यात नवल नाही.

अंधेरीत १९७३ मध्ये निर्यातीसाठी उभारलेल्या आणि पुढे सॉफ्टवेअर-सेवांचेही केंद्र बनलेल्या सीप्झसारख्या ठिकाणी परदेशी ग्राहकांच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळी करणाऱ्या तरुणाचा घरच्यांशी संवाद तुटतो, तेव्हा दोष संगणकाला दिला जातो. वास्तविक तेथे ‘विस्थापन’ घडते, म्हणजे एका कामाने दुसऱ्याचा वेळ बळकावलेला असतो. पाळी आणि लोकलचा प्रवास मिळून एकत्र जेवणाची वेळच खातात.

याउलट, अतिवापर हा आजार असूच शकत नाही, हाही गैरसमजच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग विकृती’ची नोंद आहे; मात्र तिचा निकष तासांचा नाही. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा त्याला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसूनही तो चालूच राहणे, ही लक्षणे साधारणपणे १२ महिने टिकली, तरच ते निदान होते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यात उपकरणांवर बंदी नव्हती, सर्वांची मिळून एक वेळ राखलेली होती. उपनगरात पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकच भोंगा चालणार नाही; तेव्हा प्रत्येक कुटुंबाने, आठवड्यातून एकदा का होईना, आपली सामाईक वेळ स्वतः ठरवावी आणि घरात जो आधीपासूनच अबोल आहे, त्याची विचारपूस सर्वांत आधी करावी.