विश्वासाचे भांडवल : यज्ञनारायण मैया

उपाहारगृहाच्या मालकाचे खरे भांडवल कोणते, असा प्रश्न विचारल्यास जागा, भांडी आणि पैसा यांचा उल्लेख प्रथम होईल. परंतु अनोळखी हातांनी रांधलेले अन्न निःशंकपणे तोंडात घालावयाचे, तर खाणाऱ्याच्या मनात विश्वास असावा लागतो. हा विश्वास कशावर उभा राहतो आणि काळाबरोबर त्याचा आधार कसा बदलतो, हे बंगळूरचे व्यावसायिक परंपळ्ळी यज्ञनारायण मैया यांच्या कारकिर्दीवरून चांगले समजते.

मैया बंधू मूळचे उडुपीच्या परिसरातले. मठ आणि मंदिरे यांच्या पाकशाळांमुळे तेथे शाकाहारी स्वयंपाकाची समृद्ध परंपरा निर्माण झाली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी या भागातील अनेक तरुण हे कौशल्य घेऊन शहरांकडे वळले. मुंबईतील उडुपी उपाहारगृहेही त्याच स्थलांतराची फळे होत. मैया बंधूंनी बंगळुरात प्रथम सुखवस्तू घरांतून आचाऱ्याचे काम केले आणि 1924 साली लालबागच्या परिसरात ‘ब्राह्मण कॉफी क्लब’ काढला.

हे नाव त्या काळाचे द्योतक होते. घराबाहेर जेवणे अनेकांना निषिद्ध वाटे. म्हणून आचाऱ्याची जात हीच अन्नाच्या शुद्धतेची ग्वाही मानली जाई. ज्या पाटीमुळे काहींना आश्वासन मिळे, तीच पाटी इतरांना दूर ठेवी, हे विसरता येणार नाही. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेने उपाहारगृहांच्या प्रवेशात जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने निराळाच प्रश्न उभा केला. 1942 साली जपानने ब्रह्मदेश व्यापल्यावर तेथून होणारी तांदळाची आयात थांबली. तांदूळ नाही तर इडली कशाची करावयाची? संस्थेच्या परंपरेनुसार रवा इडलीचा जन्म या टंचाईतून झाला. रवा दह्यात भिजवून व त्यात सोडा घालून केलेल्या या इडलीला पीठ रात्रभर आंबविण्याची गरज नसते. अडचणीतून निघालेला हा पदार्थ पुढे आवडीचा होऊन बसला.

1951 साली यज्ञनारायण मैया युरोपच्या दौऱ्यावर गेले. तेथील उपाहारगृहांतील स्वच्छता आणि शिस्त यांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले व परतल्यावर कप-बशा आणि भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची व्यवस्था केली. 1960 साली संस्था लालबाग रस्त्यावरील नव्या जागेत गेली आणि ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ग्राहकांना स्वयंपाकघर पाहत आत जाता येई. कोणी रांधले यापेक्षा कसे रांधले, हे आता महत्त्वाचे ठरले. जन्मावर आधारलेल्या शुचितेची जागा डोळ्यांना दिसणाऱ्या स्वच्छतेने घेतली.

खरी कसोटी पुढेच होती. 1975 साली आणीबाणी जाहीर झाल्यानंतर उपाहारगृहांतील पदार्थांचे दर सरकारने बांधून दिले. सामान्य ग्राहकाला अन्न स्वस्त मिळावे हा त्यामागील हेतू होता. परंतु त्या दरांत नेहमीच्या प्रतीचे पदार्थ देणे तोट्याचे झाले. तूप कमी करावे, हलका रवा वापरावा, की दार बंद करावे? संस्थेची धुरा तोवर पुढील पिढीकडे आली होती. तिने प्रत खालावू दिली नाही. उपाहारगृह काही काळ बंद ठेवण्यात आले आणि इडली-डोशाची तयार पिठे व मसाले पुड्यांत भरून विकण्यास सुरुवात झाली. आचाऱ्याच्या हातात असलेले प्रमाण अशा रीतीने पुडीत उतरले आणि दूरच्या गावातील गृहिणीपर्यंत पोहोचले.

या पुड्यांतूनच मोठा उद्योग उभा राहिला. 2007 साली तो नॉर्वेतील ऑर्क्ला या कंपनीने विकत घेतला. उपाहारगृहे मात्र मैया कुटुंबाकडेच राहिली. जात, वाफ आणि मोहोरबंद पुडी असे विश्वासाचे आधार बदलत गेले. यांपैकी पहिला आधार जन्माने आयता मिळालेला होता आणि म्हणूनच तो काहींपुरता मर्यादित राहिला. पुढचे दोन्ही मात्र रोजच्या कष्टाने मिळवावे लागले, आणि ते सर्वांसाठी खुले होते.